नैर्ऋत्येकडे सरकलेली रेघ

साधना निमकर आली तेव्हा श्रीधर आपल्या कामाच्या तासांचा तक्ता तिसऱ्यांदा खोडत बसला होता.

जर्मनीत, एश्बॉर्नमधल्या एका ऑफिस-इमारतीत सुलेखा गोरक्षकरची दोन खोल्यांची डिटेक्टिव्ह एजन्सी होती. पूर्वी ती फ्रँकफर्टच्या एका विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायची. नवरा गेल्यावर तिने नोकरी सोडली आणि स्वतःची पाटी लावली. श्रीधर तिचा धाकटा दीर. समोरच्याच इमारतीत तो सॉफ्टवेअर कन्सल्टंट होता. सुलेखाला गाडी चालवता येत नसे, म्हणून शनिवारी तो तिच्या दिमतीला असायचा. वहिनींचं डोकं आणि आपली गाडी, असं तो सगळ्यांना सांगे.

त्या शनिवारी त्याच्या कंपनीने त्याचा श्टुंडेनत्सेटेल, म्हणजे हाच तासांचा तक्ता, परत पाठवला होता. साडेसात तास काम केलं म्हणून त्याने ७.३० लिहिलं होतं. त्यांना ७.५० हवं होतं.

"अहो भाऊजी, साडेसात म्हणजे सात आणि अर्धा," सुलेखा म्हणाली. "अर्धा म्हणजे पॉइंट पाच. घड्याळातली तीस मिनिटं पॉइंटच्या पुढे तशीच्या तशी कशी लिहिता?"

"आठ वर्षं जर्मनीत आहे, तरी हात तसाच जातो," श्रीधर पुटपुटला. तेवढ्यात बेल वाजली.

आलेली बाई पंचेचाळिशीची असेल. कोट न काढताच ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि एका दमात बोलू लागली, जणू थांबली तर पुन्हा सुरुवात करता येणार नव्हती.

तिचा नवरा वासुदेव निमकर बाड हॉम्बुर्गच्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत इंजिनिअर होता. उडण्याचं वेड. दोन मित्रांबरोबर भागीदारीत त्याने एक इंजिनाचं छोटं विमान घेतलं होतं आणि ढगातून, नुसत्या यंत्रांवर भिस्त ठेवून उडण्याचा परवानाही काढला होता. नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी सकाळी तो कामासाठी म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला विमानाने गेला. दुपारी परतताना बरोबर ईप्सिता चौबळ होती. भागीदारांपैकी अनिमेष चौबळ, त्याची ही बायको. आठवडाभर ती तिकडे प्रोजेक्टवर असायची आणि शुक्रवारी ट्रेनने घरी यायची. त्या दिवशी वासुदेव म्हणाला, चल, माझ्याबरोबर लवकर पोचशील. टाउनुसच्या डोंगरात, ढगात, विमान झाडांवर आदळलं. दोघंही जागच्या जागी गेले.

सरकारी तपासनिसांनी पहिला अंदाज दिला होता. इंजिन ठीक होतं, जीपीएस चालू होता, जमीन दिसत नसताना वैमानिक फार खाली आला. तेवढ्यावरून लोकांनी निकाल लावून टाकला. ईप्सिताची आई सरलाताई पुण्याहून आल्या होत्या. साधना भेटायला गेली तेव्हा त्यांनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि लावून घेतलं. मराठी मंडळात तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

"ते चुकले असतील तर तसं सांगा, सुलेखाताई. मी ऐकून घेईन. पण बेफिकीर होते असं मला कोणी सांगू नये. हा माणूस घरातून निघताना गॅस दोनदा बघायचा."

सुलेखाने खुंटीवरचा कोट काढला. मग म्हणाली, "भाऊजी, गाडी काढा."

*

डोंगरावर बारीक पाऊस होता. वनखात्याच्या रस्त्यावर गाडी ठेवून दोघं चढून गेली. विमानाचे अवशेष कधीच हलवले होते, पण स्प्रूसच्या झाडांनी सगळं जपून ठेवलं होतं. आधी नुसते शेंडे तुटलेले, मग थोडं खालून, मग आणखी खालून. दोन्ही बाजूंना सारखेच.

श्रीधर दुसरीकडे पाहत म्हणाला, "रस्ता चुकून भरकटले असतील."

"भरकटलेला माणूस वळतो, शोधतो," सुलेखा म्हणाली. "इथे पंख सपाट होते. उतार एकसारखा आहे. हा माणूस आपल्या वाटेवर आहे अशा खात्रीने आला." तिने खिशातलं होकायंत्र तुटलेल्या शेंड्यांच्या रांगेवर धरलं आणि वायव्येकडे पाहिलं. "ही रांग अशीच पुढे नेली तर खालच्या दरीतली, ते उतरणार होते ती धावपट्टी लागत नाही. धावपट्टी उजवीकडे राहते. दरी आणि ही रांग समांतर आहेत. नुसती बाजूला सरकलीय, नैर्ऋत्येकडे."

"डोळा लागला असेल," श्रीधर म्हणाला. सुलेखाने होकायंत्र खिशात टाकलं आणि ती उतरायला लागली.

एल्शनग्रुंडचं विमानतळ म्हणजे दरीतला गवताचा पट्टा, एक हँगर आणि एक कॅन्टीन. तिसरा भागीदार योआखिम ब्रेमर तिथेच भेटला. रेल्वेत सिग्नलचं काम करून निवृत्त झालेला, उंच, कोरडा माणूस. वासुदेवचं नाव निघताच त्याने कॉफीचा कप बाजूला सारला.

"मी त्याला सांगितलं होतं, हा कास्टन, हा जीपीएसचा डबा, एक दिवस तुझा जीव घेईल. आमचं मोठं भांडण झालं होतं त्यावरून."

श्रीधरने वहिनीकडे अर्थपूर्ण नजर टाकली. ब्रेमर सावकाश बोलत राहिला. पूर्वी इथे धावपट्टीच्या टोकाला एक रेडिओ-बीकन होतं. विमानातली सुई कायम त्याच्याकडे वळलेली असे. धुकं असो, ढग असो, घर कुठे आहे ते ती सांगे. उन्हाळ्यात ते बंद झालं. सगळ्यांकडे उपग्रह आहेत, मग जुन्या खांबावर खर्च कशाला? वरच्या हवाई मार्गांवर ढगात जायचं तर आता जीपीएसचा डबा लागतोच, तसा नियमच आहे.

"डबा वाईट नाही, फ्राउ गोरक्षकर. सुईपेक्षा शंभरपट अचूक आहे. पण आधी आमच्याकडे दोन साक्षीदार होते. एक खोटं बोलला तर दुसरा सांगायचा. आता एकच उरला. बीकन बंद झालं त्या दिवसापासून मी ढगात गेलेलो नाही आणि त्या डब्याला हातही लावत नाही."

"पण इथे ढगातून उतरण्याचा अधिकृत मार्गच नाही ना?" सुलेखाने विचारलं.

ब्रेमर घुटमळला. मग त्याने सांगितलं. स्वच्छ हवेत दरीच्या मधोमध उडत वासुदेवने दोन जागी डब्याचं बटण दाबलं होतं. एक पॉइंट दरीच्या तोंडाशी, दुसरा धावपट्टीवर. डब्याने जागा लक्षात ठेवल्या. ढग असले की या दोन पॉइंटांच्या रेघेवरून ठरावीक उंचीपर्यंत उतरायचं, जमीन दिसली नाही तर पुन्हा वर जायचं. नियमात बसत नव्हतं, पण सगळेच करत.

सुलेखाने विमानतळाचा छापील नकाशा मागितला. धावपट्टीखाली तिची जागा लिहिलेली होती. ५० अंश, १६ मिनिटं, ५४ सेकंद उत्तर. दरीच्या तोंडाची जागाही कडेला छापलेली होती. तिने दोन्हींचे आकडे उतरवून घेतले.

"अपघाताच्या आधीच्या रविवारी तुम्ही इथे होता?"

"बूट घ्यायला आलो होतो. गाडी बाहेर रस्त्यावर लावावी लागली. ग्लायडरवाल्यांचा हंगामातला शेवटचा दिवस होता. सकाळपासून अंधार पडेपर्यंत दोराने एकेक वर खेचत होते. अनिमेष विमान घेऊन आला, त्यालाही मध्ये जागा मिळेपर्यंत घिरट्या घालाव्या लागल्या."

*

विमान कुठून आणलं होतं? दुरुस्तीहून. वर्कशॉप दुसऱ्या विमानतळावर होतं, आणि ते चालवणारी उर्झुला केम्प हात पुसत पुसतच बोलली. डब्यातली छोटी बॅटरी संपत आली होती, ती तिने बदलली. बॅटरी काढली की डबा स्वतःची सगळी आठवण विसरतो.

"वैमानिकांनी साठवलेले पॉइंटही?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. मी डबा कोरा दिला आणि तसं सांगितलं. रविवार असूनही मिस्टर चौबळसाठी येऊन हँगर उघडलं होतं. ते कॉकपिटमध्ये मांडीवर नकाशा घेऊन बटणं दाबत बसले. दार सताड उघडं, मी गारठले. शेवटी म्हटलं, जरा आटपा."

सुलेखाला तसलाच एक डबा बघायचा होता. केम्पने फळीवरचा काढून दिला. जुन्या पद्धतीचा, त्यावर नकाशा दिसत नव्हता. नुसते अंक आणि डावी-उजवीकडे झुकणारा एक काटा. सुलेखाने बटणं दाबून पाहिली. जागा लिहायला अंशांचे आकडे होते, मिनिटांचे होते, मग एक टिंब आणि पुढे दोन रकाने. ती त्या टिंबाकडे बराच वेळ पाहत राहिली.

बाहेर आल्यावर श्रीधर म्हणाला, "वहिनी, मला तर ब्रेमरच वाटतो. भांडण त्याचं, राग त्याचा."

"राग होता. पण डब्याला हात न लावणारा माणूस डबा बिघडवेल कसा?"

*

अनिमेष चौबळच्या घरी सरलाताईंनी दार उघडलं. साठीतली, ताठ कण्याची बाई. वासुदेवचं नाव ऐकताच त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. चहा घेऊन आला तो अनिमेषच. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. भिंतीवर ईप्सिताचा हार घातलेला फोटो होता, आणि त्याच्यासमोर बसून प्रश्न विचारणं श्रीधरला नकोसं वाटलं. बायको गमावलेल्या माणसाला काय विचारायचं?

सुलेखाने मात्र हळू आवाजात विचारलं. अनिमेष म्हणाला, मला कोणाला दोष द्यायचा नाही. पण वासू त्या आठवड्यात फार दमलेला होता. डोळा लागला असेल, किंवा घाईत ठरलेल्या उंचीच्याही खाली गेला असेल.

"डब्यातले पॉइंट बरोबर होते?"

"शंभर टक्के. रविवारी मी स्वतः त्यांच्यावरून उतरलो. खूप खालपर्यंत ढग होते. ढगातून बाहेर आलो तो थेट धावपट्टीच्या समोर."

"कोणी घातले होते ते?"

"वासूनंच," अनिमेष म्हणाला. "त्याचेच होते ते, पहिल्यापासून."

आतून भांड्याचा आवाज आला. अनिमेष लगेच उठला. "आईंना बरं नाहीये. जेवणसुद्धा मीच देतो त्यांना." त्याने दोघांना दारापर्यंत पोचवलं. जिन्यात श्रीधर म्हणाला की बिचारा पार खचलाय. सुलेखा म्हणाली, हो, खचलाय खरा.

त्यानंतर ती साधनाकडे गेली, पण साधनाशी नाही तर तिच्या मुलीशी बोलायला. अन्वी पंधरा वर्षांची. सुलेखा मराठीत विचारत होती, ती जर्मनमध्ये उत्तरं देत होती. त्या शुक्रवारी सकाळी बाबा काय करत होता? नेहमीसारखाच होता. कोणाशी बोलला? अनिमेषकाकाशी, फोनवर. काय बोलला?

अन्वीने खाली पाहिलं. शब्द तिला पाठ होते, अर्थ लागला नव्हता. ते तेवढे तिने मराठीत म्हटले, वडलांच्या लयीत. "परत घातलेस ना सगळे? उडून बघितलेस? मग झालं. तू म्हणतोस म्हणजे झालं."

मग ती जर्मनमध्ये म्हणाली, "आणि तो हसला. मला कोणी विचारलंच नाही आत्तापर्यंत."

*

पुढच्या शनिवारी दुपारी सगळे साधनाच्या दिवाणखान्यात जमले. ब्रेमर खिडकीशी उभा होता. सरलाताईंना यायचं नव्हतं. "तुमच्या मुलीचं काय झालं ते तुम्हाला कळायला हवं," एवढंच सुलेखाने फोनवर सांगितलं होतं. त्या साधनाकडे न बघता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. अनिमेष त्यांच्या मागे उभा राहिला. अन्वीला साधना आत पाठवणार होती, पण ती गेली नाही.

सुलेखाने टेबलावर दरीचा मोठा नकाशा पसरला.

"वासुदेव झोपले नव्हते," ती म्हणाली. "झोपलेल्या माणसाचं विमान दरीला इतकं नेमकं समांतर राहत नाही. ते काट्यामागून येत होते आणि काटा मधोमध होता. म्हणजे काटाच चुकीच्या रेघेवर होता. उपग्रहांचा दोष असता तर विमान कुठेही गेलं असतं. रेघ सरळ होती, फक्त सरकलेली. तर मग डब्यात पॉइंट कोणी घातले?"

तिने नकाशावरून नजर उचलून अनिमेषकडे पाहिलं.

"डबा कोरा झाल्यावर विमान आधी अनिमेषच्या हातात आलं, आणि मग शुक्रवारी थेट वासुदेवांच्या. तुम्ही म्हणालात, अनिमेष, की पॉइंट वासुदेवांनी घातले आणि रविवारी तुम्ही त्यांच्यावरून उतरलात. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. वासुदेवांचे पॉइंट बॅटरीबरोबर गेले होते. रविवारी डब्यात जे काही होतं ते तुम्ही वर्कशॉपमध्ये, मांडीवर नकाशा घेऊन, बोटांनी घातलेलं होतं."

"बरं, मी घातले," अनिमेष म्हणाला. "विसरलो सांगायला. पण मी ते तपासले होते. ढगातून उतरलो होतो."

"कोणत्या ढगातून? त्या रविवारी दिवसभर तिथे ग्लायडर उडत होती. दोराने वर जाणारी ग्लायडर ढग जमिनीला टेकले असताना कोणी उडवत नाही. आकाश मोकळं होतं. तुम्हाला धावपट्टी लांबून दिसत होती, तुम्ही घिरट्या घातल्यात आणि डोळ्यांनी बघून उतरलात. ते पॉइंट कोणी कधीच उडून बघितले नाहीत. ते पहिल्यांदा उडून बघितले वासुदेवांनी."

ब्रेमरने डोळे मिटून घेतले. मराठी बोलणं त्याला कळत नव्हतं, पण श्रीधर त्याच्या कानाशी एकेक वाक्य सांगत होता.

"आता चूक काय झाली ते," सुलेखा म्हणाली. "भाऊजी, तुम्ही साडेसात तास कसे लिहिले होते?"

श्रीधर गोंधळला. "सात पॉइंट तीस." आणि मग त्याच्या लक्षात आलं. "अरे देवा. सेकंद."

"नकाशावर जागा सेकंदांत छापलेली असते. सोळा मिनिटं, चोपन्न सेकंद. डब्याला सेकंद कळत नाहीत, त्याला मिनिटाचा अपूर्णांक हवा असतो. चोपन्न सेकंद म्हणजे मिनिटाचे नऊ दशांश, म्हणून सोळा पॉइंट नव्वद. तिथे टाइप झालं सोळा पॉइंट चोपन्न. पूर्वीचे पॉइंट वासुदेवांनी उडता उडता बटण दाबून घेतले होते, तेव्हा आकडे टाइप करायची वेळच कोणावर आली नव्हती. ही चूक झाली की जागा नेहमी दक्षिणेला आणि पश्चिमेला सरकते. उलटी कधीच नाही."

तिने नकाशावर दोन टिंबं काढली होती, दोन्ही चुकीच्या आकड्यांची. पट्टी ठेवून तिने त्यांच्यातून रेघ ओढली. अर्धा किलोमीटरहून जास्त बाजूला सरकलेली ती रेघ दरी सोडून डोंगरावर चढली आणि बरोबर तुटलेल्या झाडांवरून गेली.

"बीकनची सुई असती तर ती उजवीकडे बोट दाखवत राहिली असती. पण ती बंद होती. वासुदेवांची काहीच चूक नव्हती असं मी म्हणणार नाही, साधनाताई. असं उतरणं नियमात नव्हतं, आणि त्यांनी स्वतः पॉइंट तपासायला हवे होते. पण ते बेफिकीर नव्हते. त्यांनी सकाळी फोन करून विचारलं होतं. उडून बघितलेस का, असं विचारलं होतं. त्यांना हो म्हणून सांगितलं गेलं."

अन्वीने आईचा हात धरला.

अनिमेष खाली बसला. खुर्ची नव्हती, तो जमिनीवरच बसला. "बघणार होतो," तो म्हणाला. "केम्प थंडीत उभी होती, म्हणून घाई केली. हवा छान होती. म्हटलं, पुढच्या खेपेला बघू. वासूचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो. हो म्हटलं. नुसतं हो म्हटलं. ती त्याच्याबरोबर येणार हे मला दुपारपर्यंत माहीतसुद्धा नव्हतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. कुठे पडलंय ते पोलिसांनी सांगितलं आणि मी नकाशा काढला." त्याने चेहरा हातांत धरला. "मी कसं सांगणार होतो? मी तिला मारलं असं कसं सांगणार होतो? लोक आधीच वासूचं नाव घेत होते. मी फक्त गप्प बसलो."

"गप्प बसला नाहीत," सुलेखा म्हणाली. "त्यांचा डोळा लागला असेल असं मला सांगितलंत."

मग सरलाताईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यांनी जावयाकडे पाहिलं नाही, सुलेखालाच विचारलं. "तिला कळलं असेल का?"

"नाही, सरलाताई. बाहेर सगळं पांढरं होतं आणि काटा मधोमध होता. दोघांनाही घर आलं असंच वाटत असणार."

सरलाताईंनी मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. मग त्या अगदी हळू बोलल्या. "अनिमेषराव, मी रोज उठून त्या गेलेल्या माणसाला शिव्या देत होते. तुमच्यासमोर. आणि तुम्ही मला चहा करून देत होतात."

"आई..."

"जिथे सांगायचं तिथे जाऊन सांगा. मी येत नाही बरोबर."

अनिमेष उठला. ब्रेमरने त्याला त्याचा कोट दिला आणि दार उघडून धरलं. श्रीधर किल्ल्या घेऊन निघाला, त्याच्याबरोबर सुलेखाही. जाताना त्याने मागे वळून पाहिलं. साधना सरलाताईंच्या खुर्चीसमोर उभी होती. ती म्हणाली की सकाळपासून तुम्ही काही खाल्लेलं दिसत नाही, वरणभात आहे. सरलाताई म्हणाल्या, "वाढ. थोडाच वाढ."

पोलिस ठाण्यापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचाही नव्हता. अनिमेष मागच्या सीटवर बसला होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "त्यानं आणखी एकदा विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं."

सुलेखा मागे वळली नाही. "ते मित्राशी बोलत होते," ती म्हणाली.

सिग्नल हिरवा झाला. श्रीधरने गाडी पुढे घेतली आणि ठाण्याकडे वळवली.